‘अफोर्ड’ हा शब्द शिकताना: केळीच्या एका पॅकहाउसमधले प्रकरण

पार्श्वभूमी

रावेर-सावदा पट्ट्यातले हे केळी निर्यातीचे पॅकहाउस. आसपासच्या बागांमधून घड येतात. फण्या सुट्या करून धुतल्या जातात, प्रतवारी होते, साधारण १३ किलोच्या बॉक्समध्ये माल भरला जातो आणि गार करून रीफर (आत थंडावा राखणाऱ्या) कंटेनरने न्हावा शेवा बंदराकडे निघतो. कंटेनरमधले तापमान १३ ते १४ अंशांवर ठेवावे लागते. त्याच्या बरेच खाली गेले तर साल काळवंडते आणि वर राहिले तर माल वाटेतच पिकायला लागतो. घड एकदा कापला की थांबायला सवड नसते, म्हणून खरेदीदाराच्या ईमेलला त्याच दिवशी उत्तर जाणे इथे गरजेचे असते. या प्रकरणातले बरेच निर्णय त्या घाईतून झाले आहेत.

ईमेल लिहिण्याचे काम एका सहायक मुलीकडे होते. ती मूळची चोपडा तालुक्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आणि पुढे बी.कॉम. झालेली. घरात अहिराणी बोलली जाते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कंटेनर नंबर, सील नंबर ही कागदपत्रे ती बिनचूक करायची. इंग्रजी वाचून तिला समजायचे. अडचण यायची ती स्वतः वाक्य लिहिताना. मालक, ज्यांना तिथे सगळे ‘भाऊ’ म्हणतात, मराठीत मजकूर सांगत आणि ती तो इंग्रजीत टाइप करून आखातातल्या खरेदीदाराला पाठवत असे.

शब्द शिकण्याची तिची पद्धत आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांचीच होती. वहीच्या पानावर मध्ये उभी रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी शब्द लिहायचा, उजवीकडे एक मराठी अर्थ. तिच्या वहीत ‘अफोर्ड’ समोर ‘परवडणे’ लिहिलेले होते. हा अर्थ चुकीचा नव्हता. शब्दकोशातही तोच सापडतो.

अडचण काय झाली

खरेदीदाराने एका कंटेनरसाठी भाव कळवला. तो कमी होता. भाऊ म्हणाले, “सांग त्यांना, या भावात आपल्याला परवडत नाही.” सहायकेने लिहिले, ‘धिस रेट इज नॉट अफोर्ड टू अस.’ समोरून उत्तर आले: कृपया स्पष्ट करा.

मग तिने तेच वाक्य मोबाइलवरच्या व्याकरण दुरुस्त करणाऱ्या ॲपमध्ये टाकले. ॲपने नवे वाक्य दिले, ‘वी कॅनॉट अफोर्ड धिस रेट.’ कुठेही लाल रेघ नव्हती. तिने ते जसेच्या तसे पाठवले.

व्यवहार सीआयएफ अटीवर होता, म्हणजे माल, विमा आणि जहाजाचे भाडे हे तिन्ही खर्च विकणाऱ्याच्या अंगावर. ‘आम्हाला हा रेट अफोर्ड होत नाही’ असे विकणारा म्हणतोय, तर तो ज्या रेटचे पैसे स्वतः भरतो त्याबद्दलच बोलत असणार, असे खरेदीदाराने धरले आणि तो रेट म्हणजे जहाजाचे भाडे असा अर्थ काढला. त्याने मदतीच्या भावनेने सुचवले की भाडे जड जात असेल तर एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च विकणाऱ्याचा) करू, भाडे आम्ही भरतो. त्यानुसार त्याने भाड्याची रक्कम वजा करून नवा, आणखी खालचा भाव कळवला. केळीच्या भावाचा विषय निघालाच नाही. भाऊंनी भाव वाढवून मागितला होता आणि समोरून भाव खाली आला.

याच्या थोडे आधी दुसरी एक गोष्ट घडली होती. तेव्हा त्या गोष्टीकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. भाऊंनी आपला भाव सांगून विचारायला लावले होते, “तुम्हाला परवडेल का?” सहायकेने लिहिले, ‘कॅन यू अफोर्ड धिस प्राइस?’ उत्तर तुटक आले. त्यात आमची आजवरची सगळी पेमेंट वेळेवर झाली आहेत, अशी एक ओळ होती. ती ओळ का लिहिली गेली हे कार्यालयात कुणालाच समजले नाही.

भाव खाली आल्यावर मात्र भाऊंनी सहायकेला परिसरातल्या इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेकडे पाठवले. तिने जुन्या ईमेलच्या प्रती सोबत नेल्या. पुढचे सगळे काम त्या प्रतींवरून झाले.

दोन्ही शब्द नेमके कुठे वेगळे होतात

ईमेल वाचून शिक्षिकेला तीन वेगवेगळे दोष दिसले. वरवर पाहता तिन्ही एकच वाटतात, पण प्रत्येकाचा इलाज निराळा आहे.

पहिला दोष कर्त्याचा. मराठीत परवडते ती वस्तू. माणूस ‘ला’ लावून बाजूला उभा असतो. क्रियापदही वस्तूप्रमाणे बदलते: ‘मला गाडी परवडली’, ‘मला दोन गाड्या परवडल्या’. अहिराणीतही घडण तीच आहे, ‘माले गाडी परवडत नही’. इंग्रजीत मात्र कर्ता माणूस असतो आणि वस्तू कर्म होते: ‘आय कान्ट अफोर्ड अ कार.’ शिवाय या अर्थाने ‘अफोर्ड’ एकटा येत नाही. त्याच्या आधी ‘कॅन’, ‘कुड’ किंवा ‘बी एबल टू’ लागते. ‘आय अफोर्ड अ कार’ ऐकायला अपुरे वाटते. ‘आय ॲम नॉट अफोर्डिंग’ चूक आहे आणि ‘आय ॲम नॉट अफोर्ड’ही चूकच. भविष्यकाळात ‘विल बी एबल टू अफोर्ड’ म्हणावे लागते. पुढे दुसरे क्रियापद आले तर ते ‘टू’ घेऊन येते: ‘अफोर्ड टू बाय’. ‘अफोर्ड बाइंग’ होत नाही आणि ‘अफोर्ड फॉर’ही नाही.

दुसरा दोष बाजूचा आहे. ॲपला तो दिसला नाही, कारण वाक्याचे व्याकरण ठीक होते. मराठीत ‘परवडणे’ हा सौद्याच्या दोन्ही बाजूंचा शब्द आहे. घेणारा म्हणतो ‘एवढ्याला परवडत नाही’ आणि विकणाराही तेच म्हणतो. घेणाऱ्याचा अर्थ असतो की खिशात तेवढे पैसे नाहीत. विकणाऱ्याचा अर्थ असतो की खर्च निघत नाही. इंग्रजीत ‘अफोर्ड’च्या पुढे नुसते नाम आले की तो शब्द फक्त पैसे भरणाऱ्याचा होतो. ‘वी कॅनॉट अफोर्ड धिस रेट’ म्हणजे हा रेट भरायची आमची ऐपत नाही. विकणाऱ्याने हाच शब्द वापरायचा असेल तर पुढे ‘टू सेल’ जोडावे लागते: ‘वी कान्ट अफोर्ड टू सेल ॲट धिस प्राइस.’ आता कोण काय करतो आहे हे क्रियापदच सांगते, घोटाळ्याला जागा राहत नाही. त्या एका ‘टू सेल’ने भाड्याचा सगळा गैरसमज टळला असता.

मराठीत या शब्दाचा तिसरा उपयोगही आहे आणि इंग्रजी ‘अफोर्ड’ त्याच्या जवळपासही फिरकत नाही. ‘त्याच्या गाडीची वाट पाहण्यापेक्षा चालत गेलेलं परवडलं.’ इथे पैशाचा संबंध नाही, ‘त्यापेक्षा हे बरे’ असा अर्थ आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘वूड रादर’ किंवा ‘बेटर’ची वाक्यरचना घ्यावी लागते.

तिसरा दोष सभ्यतेचा. ‘तुम्हाला परवडेल का?’ हा आपल्या बाजारातला अदबीचा प्रश्न आहे. समोरच्याला भाव कमी-जास्त करायला जागा देणारा. ‘कॅन यू अफोर्ड धिस प्राइस?’ असे व्यापारी ईमेलमध्ये विचारले की त्याच्या ऐपतीवर शंका घेतल्यासारखे होते. पेमेंट वेळेवर झाल्याची ओळ त्यातून आली होती. इथे ‘वूड धिस प्राइस वर्क फॉर यू?’ हे वाक्य योग्य.

याला लागूनच आणखी एक गोष्ट आहे आणि इंग्रजीच्या वर्गात ती सहसा सांगितली जात नाही. खानदेशच्या बाजारात ‘परवडत नाही’ ही बोलणीची सुरुवात असते. ती ऐकून कुणी उठून जात नाही, पुढचा आकडा येतो. इंग्रजीत ‘वी कान्ट अफोर्ड इट’ ऐकणाऱ्याला विषय संपल्यासारखा वाटतो. त्यामुळे वाक्य अचूक असले तरी पुढे आकडा नसेल तर बोलणी तुटू शकते.

कोणते पर्याय होते

तातडीचा पर्याय होता शब्दच टाळण्याचा. भाव नाकारण्यासाठी एक तयार मजकूर करून ठेवायचा आणि दरवेळी तोच पाठवायचा. यात चूक होण्याची शक्यता कमी. पण सहायकेला शब्द येणार नाही आणि खरेदीदाराच्या किंवा शिपिंग कंपनीच्या ईमेलमध्ये तोच शब्द आला की अर्थाचा घोळ पुन्हा होणार.

दुसरा पर्याय मराठी मजकूर थेट भाषांतराच्या ॲपला देण्याचा. शिक्षिकेने तो तिच्यासमोरच तपासला. भाऊंचे वाक्य संदर्भाशिवाय टाकले की ॲप बहुतेक वेळा ‘अफोर्ड’च देत होते. ‘या भावात विकणं आपल्याला परवडत नाही’ असे पूर्ण वाक्य टाकले की निकाल सुधारत होता. म्हणजे ॲपला काय द्यायचे हे कळायलाही दोन अर्थांतला फरक आधी माहीत हवा.

तिसरा पर्याय समानार्थी शब्दांची यादी पाठ करण्याचा. सहायकेचा कल याच बाजूला होता, कारण तिची वही तशीच बनलेली होती. शिक्षिकेने तो नाकारला. एका शब्दाची वाक्यातली जागा माहीत नसताना आणखी पाच शब्द घेतले तर त्या पाचांचीही जागा माहीत नसेल.

चौथा पर्याय हा एकच शब्द त्याच्या वाक्यरचनेसह मुरेपर्यंत शिकण्याचा. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन शब्द माहीत असण्याचे तीन भाग मानतात: रूप, अर्थ आणि वापर. सहायकेच्या वहीत पहिले दोन भाग होते, तिसऱ्याला रकानाच नव्हता. या पर्यायाला वेळ लागतो ही त्याची अडचण, आणि हंगाम सुरू होता.

ठरले असे की ईमेलसाठी पहिला पर्याय लगेच अमलात आणायचा आणि शिकण्यासाठी चौथा. ही विभागणी योग्यच होती. शिकणाऱ्याच्या चुकीची किंमत कंटेनरने मोजायची वेळ येऊ नये.

काय केले

तयार मजकूर त्याच दिवशी झाला. मराठीत त्याचा आशय असा: तुम्ही दिलेल्या भावात आमचा खर्च निघत नाही, या आठवड्याचा आमचा भाव इतका, सीआयएफ, तो जमत असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. इंग्रजीत पहिले वाक्य, ‘द प्राइस यू हॅव ऑफर्ड डझ नॉट कव्हर अवर कॉस्ट.’ नकाराला लागूनच आकडा येतो, त्यामुळे बोलणी चालू राहते. ‘रेट’ऐवजी ‘प्राइस’ घेतले, कारण शिपिंगच्या ईमेलमध्ये ‘रेट’ म्हटले की भाड्याकडे लक्ष जाते.

शिकवण्याची सुरुवात मात्र फसली. शिक्षिकेने आधी व्याकरणाचा नियम दिला: कर्ता माणूस, आधी ‘कॅन’, पुढे नाम किंवा ‘टू’सह क्रियापद. सहायकेने तो दोन दिवसांत पाठ केला. लगेच दुसऱ्या बाजूची चूक दिसायला लागली. नमुन्याचा बॉक्स पाठवण्याबद्दल तिने लिहिले, ‘वी कॅन अफोर्ड टू सेंड द सॅम्पल.’ तिच्या मनात होते ‘नमुना पाठवायला जमेल.’ वाक्याचा अर्थ होत होता, नमुना पाठवण्याइतके पैसे आमच्याकडे आहेत. तिथे नुसते ‘वी कॅन सेंड’ पुरेसे होते. नियम बरोबर होता, पण तो केव्हा लावायचा हे नियमात नव्हते.

म्हणून शिक्षिकेने इंग्रजी बाजूला ठेवले आणि मराठीपासून सुरुवात केली. सहायकेला सांगितले की आठवडाभर पॅकहाउसमध्ये, घरी, बसमध्ये ‘परवडणे’ जिथे ऐकू येईल तिथले वाक्य जसेच्या तसे लिहून घे. अहिराणीत ऐकलेस तर अहिराणीत लिही. वीसेक वाक्ये जमली. मग त्यांचे तीन गट करायचे होते, खिसा, खर्च आणि ‘त्यापेक्षा बरे’. गट ठरवण्याची कसोटी अशी: ‘परवडत नाही’ काढून तिथे ‘एवढे पैसे नाहीत’ घालून पाहा. वाक्य टिकले तर ते खिशाचे, आणि इंग्रजीत ‘कान्ट अफोर्ड’ व पुढे नाम. ‘खर्च निघत नाही’ घालून टिकले तर ते खर्चाचे, तिथे ‘कान्ट अफोर्ड टू सेल’, ‘डझन्ट पे’ किंवा ‘डझ नॉट कव्हर अवर कॉस्ट’. ‘त्यापेक्षा हे बरे’ घालून टिकले तर ‘अफोर्ड’ला हातच लावायचा नाही.

‘या भावात कांदेबाग (केळीच्या लागवडीचा एक हंगाम) परवडत नाही’ हे वाक्य सहायकेने आधी खिशाच्या गटात टाकले होते. कसोटी लावल्यावर तिने ते स्वतःच उचलून खर्चाच्या गटात ठेवले. शिक्षिकेच्या मते खरी गाडी इथे पुढे सरकली: इंग्रजी शब्दाची चूक मराठी वाक्य नीट पाहिल्यावर सुटली.

याच सुमारास भाऊंनाही एक विनंती केली गेली. सहायकेने मजकूर घेताना विचारायला सुरुवात केली, “भाऊ, परवडत नाही म्हणजे खर्च निघत नाही, की सुटतं कमी?” पहिल्या दिवशी भाऊंना हा प्रश्न अनावश्यक वाटला. पण दोन्हींसाठी ईमेल वेगळी जाते हे दिसल्यावर ते आपणहून आकडा सांगू लागले. खर्च निघत नसेल तर नकार ठाम लिहायचा, सुटते कमी असेल तर मधला भाव सुचवायचा.

त्यानंतर शब्दकोश. सहायकेकडच्या इंग्रजी-मराठी कोशात ‘परवडणे, ऐपत असणे, देणे’ असे अर्थ स्वल्पविराम देऊन एका ओळीत होते. कोणता कुठे लागतो याचा पत्ता नव्हता. शिक्षिकेने तिला शिकणाऱ्यांसाठीचा एकभाषी कोश वापरायला लावला. अशा कोशांचा हेतूच वेगळा असतो. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. क्रियापदापुढे काय येते हे परक्या भाषकाला दाखवणे हे त्याचे मुख्य काम होते. १९८७ च्या कोबिल्ड कोशाने पुढचे पाऊल टाकले आणि व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली, त्यामुळे शब्दाचा कर्ता कोण असतो ते व्याख्या वाचतानाच दिसते. सहायकेला सांगितले ते एवढेच: नोंद उघडलीस की आधी उदाहरणे वाच, मग व्याख्या, आणि ‘कॅन’ व ‘टू’ कुठे आहेत ते पेन्सिलीने खुणावून ठेव.

शब्दाचा इतिहास शिक्षिकेने मुद्दाम उशिरा सांगितला. ‘अफोर्ड’ जुन्या इंग्रजीतल्या ‘गेफोर्थियन’वरून आला आहे. त्याचा अर्थ पुढे नेणे, पार पाडणे. शेवटचा ‘थ’ पुढे ‘ड’ झाला, जसा ‘मर्थर’चा ‘मर्डर’ आणि ‘बर्थन’चा ‘बर्डन’ झाला. स्पेलिंगमधले दोन एफ लॅटिन वळणाच्या शब्दांच्या नकलेतून आले. मुळात अर्थ ‘पार पाडू शकणे’ असल्याने कर्ता माणूस का आणि ‘कॅन’ का, हे लक्षात ठेवायला या माहितीचा उपयोग होतो. पण ती आधी सांगितली असती तर वहीत आणखी एक ओळ वाढली असती, इतकेच. वाक्ये हाताखालून गेल्यावर ती कामाला आली.

सरावासाठी कार्डे केली. कार्डाच्या एका बाजूला सुटा शब्द लिहायचा नाही असे ठरले. पुढच्या बाजूला मराठी प्रसंग, मागे पूर्ण इंग्रजी वाक्य. ‘यंदा नवा जनरेटर घेणं परवडणार नाही’, मागे ‘वी कान्ट अफोर्ड अ न्यू जनरेटर धिस यीअर’. ‘गुरुवारची बोट चुकवून चालणार नाही’, मागे ‘वी कान्ट अफोर्ड टू मिस थर्स्डेज व्हेसल’. हे दुसरे कार्ड मोलाचे ठरले, कारण मराठी वाक्यात ‘परवडणे’ नाही आणि तरी इंग्रजीत ‘अफोर्ड’ चपखल बसतो. ‘हा भाव तुम्हाला परवडेल का?’ या कार्डाच्या मागे ‘वूड धिस प्राइस वर्क फॉर यू?’ होते. म्हणजे इथे उलटे, मराठीत शब्द आहे आणि इंग्रजीत नाही. डझनभर कार्डे पुरली. उजळणी १, ३, ७ आणि १५ दिवसांनी करायची, चुकलेले कार्ड पुन्हा पहिल्या गटात टाकायचे. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली पेटीची पद्धत हीच. ती स्वस्त आहे, मोबाइल लागत नाही आणि पॅकहाउसमध्ये गाडीची वाट पाहताना दहा मिनिटांत आटोपते.

विम्याच्या कागदावरचा ‘अफोर्ड’

मधल्या काळात सागरी विम्याची पॉलिसी आली. तिच्यात ‘द कव्हर अफोर्डेड अंडर धिस पॉलिसी’ असे शब्द होते. सहायकेने भाऊंना सांगितले की हे ‘परवडणाऱ्या विम्या’बद्दल आहे. हप्ता तर वाढला होता. म्हणून भाऊंनी कागद शिक्षिकेकडे पाठवला.

इथे ‘अफोर्ड’चा अर्थ ‘देणे, पुरवणे’ असा आहे. ‘या पॉलिसीखाली मिळणारे संरक्षण.’ हा अर्थ औपचारिक लिखाणात येतो, कायद्यात, विम्यात, करारात. ओळखण्याच्या खुणा तीन: आधी ‘कॅन’ नसतो, कर्ता बहुधा निर्जीव असतो (कायदा, पॉलिसी, पॅकिंग, छप्पर) आणि पैशाचा प्रश्न नसतो. ‘द कार्टन अफोर्ड्स प्रोटेक्शन अगेन्स्ट ब्रूझिंग’ म्हणजे बॉक्समुळे फळ दबून डागाळत नाही.

शिक्षिकेने या अर्थाची कार्डे केली नाहीत. वाचताना ओळखता आला की पुरे, कारण सहायकेला तो लिहावा लागत नाही. स्वतः वापरायचे शब्द आणि नुसते ओळखायचे शब्द वेगळे ठेवणे हा या प्रकरणातला नेमका निर्णय होता. बरेच शिक्षक दिसेल तो प्रत्येक अर्थ सारख्याच जोराने शिकवतात आणि शिकणारा दमतो.

‘अफोर्डेबल’ मात्र दोन्हीकडे घेतला. हा शब्द वस्तूला लागतो: ‘द पंप इज नॉट अफोर्डेबल फॉर स्मॉल फार्मर्स.’ मराठी वळणाला तो जवळचा, कारण वस्तू कर्त्याच्या जागी असते. मात्र तोही घेणाऱ्याच्याच बाजूचा शब्द आहे. ‘धिस प्राइस इज नॉट अफोर्डेबल फॉर अस’ असे विकणाऱ्याने लिहिले तर घोटाळा पहिल्यासारखाच होतो. या वाक्याचे वेगळे कार्ड केले आणि त्यावर लाल फुली मारली.

परिणाम

दोनेक महिन्यांनी सहायकेच्या ईमेलमध्ये हा शब्द बरोबर जागी येऊ लागला. तयार मजकुराची गरज कमी झाली, पण तो काढून टाकला नाही, घाईच्या दिवशी आजही तोच जातो. खरेदीदाराशी भावाची बोलणी आता दोन-तीन ईमेलमध्ये संपते, कारण नकारासोबत आकडा जातो. भाड्याबद्दलचा जुना घोटाळा आधीच मिटला होता. त्यासाठी कारण समजावणारी एक ईमेल आणि भाऊंचा एक फोन लागला. तो कंटेनर मात्र अपेक्षेपेक्षा कमी भावात गेला.

बोलण्यात सुधारणा कमी आहे. फोनवर घाईत असली की सहायकेच्या तोंडून अजूनही ‘नॉट अफोर्ड टू अस’ निघते. उच्चारातही ती जोर पहिल्या ‘अ’वर देते. इंग्रजीत तो ‘अ’ पुसट असतो आणि जोर ‘फोर्ड’वर पडतो. कार्डांचा सगळा सराव वाचून आणि लिहून झाला, त्यामुळे हे होणारच होते.

वहीची मांडणी बदलली. आता तिसरा रकाना आहे आणि त्यात पूर्ण वाक्य असते, तेही शक्यतो खरेदीदाराच्या ईमेलमधून उचललेले. ‘वर्क फॉर अस’ ही रचना तिला तशीच मिळाली. समोरचा गेले वर्षभर ती वापरत होता, तिने ती वाचलीही होती, पण स्वतःसाठी घेतली नव्हती.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा बदल क्रमात हवा होता. आधी मराठी वाक्यांचे गट आणि नंतर इंग्रजीचा नियम असे केले असते तर ‘कॅन अफोर्ड टू सेंड’सारख्या चुकांचा मधला टप्पा बहुधा आलाच नसता. एका मराठी शब्दात अनेक अर्थ असतील तर इंग्रजी शब्द उघडण्यापूर्वी मराठी शब्द उलगडून पाहणे वेळ वाचवणारे ठरते. ‘जमणे’, ‘चालणे’, ‘लागणे’, ‘बसणे’ या शब्दांनाही हेच लागू पडते. सहायकेच्या पुढच्या ईमेलमध्ये ‘चालेल’ने तसाच घोळ घातला, तेव्हा गटांपासूनच सुरुवात केली गेली.

जुन्या ईमेल पहिल्याच भेटीत उलटीकडून वाचायला हव्या होत्या. म्हणजे आपण काय लिहिले याआधी समोरच्याने काय समजून उत्तर दिले ते पाहायचे. ‘पेमेंट वेळेवर झाली आहेत’ ही ओळ हातात होती. तिचा अर्थ तेव्हाच लावला असता तर ‘अफोर्ड’ची गडबड भाव खाली येण्याआधीच पकडता आली असती. विसंगत उत्तर आले की आपले मागचे वाक्य तपासायचे, ही सवय कार्यालयात आता लावली आहे.

ॲपने लाल रेघ दाखवली नाही म्हणजे वाक्य बरोबर, हा समज सुरुवातीलाच मोडायला हवा होता. ॲप व्याकरण पाहते. सौद्यात कोण विकतो आणि कोण घेतो हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. निदान भावाच्या ईमेलसाठी तरी एक साधी तपासणी ठेवता आली असती: पाठवण्यापूर्वी इंग्रजी वाक्य पुन्हा मराठीत करून भाऊंना मोठ्याने वाचून दाखवायचे. ‘हा रेट भरायची आपली ऐपत नाही’ हे ऐकल्याबरोबर भाऊंनी ती ईमेल थांबवली असती.

आणि तोंडी सराव. मागची बाजू न वाचता कार्डावरचे मराठी वाक्य ऐकून इंग्रजीत बोलणे, तेही उभ्या उभ्या, पॅकहाउसच्या गोंगाटात, असे पहिल्या आठवड्यापासून असायला हवे होते. शिक्षिकेने ते आता सुरू केले आहे: भाऊ मराठीत वाक्य टाकतात, सहायकेने तीन सेकंदांत इंग्रजीत उत्तर द्यायचे, चुकले तर ते कार्ड पुन्हा पहिल्या गटात.